मदत हवी आहे: टेबल सॉ, २५ हजारांच्या आत

भुसाच_भुसा
टेबल सॉ (टेबलातून गोल पातं वर येतं ती करवत) घ्यायचाय. बजेट २५ हजार, अगदीच झालं तर २८. पातं १० इंचीच हवं. ऑनलाइन एक २२ हजारांना दिसतोय. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही, पण मोटर २००० वॅटची आहे आणि रिव्ह्यू बरे आहेत. नावाजलेल्या कंपन्यांचे सगळे ५० च्या पुढे. हे वरचे पैसे नक्की कशाचे घेतात? ऑफर रविवारी रात्री संपतेय, तेव्हा लवकर सांगा. 'सुताराकडून करून घे' हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो नको.

पटाशी
करायचंय काय? प्लाय की सागवान? जागा किती?

भुसाच_भुसा
फर्निचर. जागा आहे.

पटाशी
'जागा आहे' म्हणजे किती? ८ बाय ४ ची शीट टेबल सॉवर उभी चिरायची तर पुढे ८ फूट आणि मागे ८ फूट मोकळे लागतात. बंगला आहे का?

साइटवरचा
एवढा विचार कशाला? तीन-साडेतीन हजारांचा ४ इंची मार्बल कटर घ्या, लाकडाचं पातं लावा, प्लायच्या तुकड्याला खाच पाडून खालून उलटा आवळा. झाला टेबल सॉ. आमच्या साइटवर वीस वर्षं सगळी किचनं अशीच झालीत. अठरा-एकोणीस हजार वाचले.

मावळतीकर
आमच्या गावच्या सुताराकडेही असंच टेबल आहे. बोटं साडेआठ.

साइटवरचा
ती त्याची चूक. आमच्या पोरांची दहाच्या दहा शाबूत आहेत. लक्ष मशीनवर पाहिजे, मोबाईलवर नाही.

पटाशी
साइटवरचा, वाद घालायचा नाही, पण मार्बल कटर दगडासाठी असतो. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे. लाकडाच्या सर्क्युलर सॉला (हातात धरायची गोल पात्याची करवत) खालचं गार्ड स्प्रिंगवर आपोआप मिटतं, कटरला तसलं काही नाही. उलटा लावला की स्विच टेबलाखाली जातो, म्हणून तो लॉक करून किंवा चिकटपट्टीने बांधून ठेवतात. काही झालं तर बंद कुठून करणार? खाली वाकून, तोंड पात्यासमोर नेऊन?

भुसाच_भुसा, तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. वरचे पैसे मोटरचे नसतात. वॅट छापायला काय लागतं! त्या २२ हजारवाल्याचे फोटो मोठे करून चार गोष्टी बघ.

पहिली, पात्याच्या मागे रायव्हिंग नाइफ आहे का, आणि तो पात्याबरोबर वरखाली होतो का. हा पत्रा पात्याच्या धातूपेक्षा किंचित जाड आणि कापाच्या फटीपेक्षा किंचित बारीक असतो. त्याचं काम एकच, चिरलेली फट मिटू न देणं. पात्याचे मागचे दात खालून वर येत असतात. लाकूड तिथे चिमटलं किंवा फेन्सकडून (लाकूड टेकवून सरळ ढकलायची बाजूची पट्टी) तिरकं दाबलं गेलं की ते दात त्याला उचलून थेट तुझ्या अंगावर फेकतात. नुसता मार बसला तर नशीब. लाकडाबरोबर हातही पात्याकडे ओढला जातो, खरी भीती ती.

दुसरी, फेन्स दोन्ही टोकांना घट्ट राहते का. पुढून घट्ट आणि मागून हलती असेल तर वरचं सगळं रोज घडेल.

तिसरी, बंद करायचं बटण गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल इतकं मोठं आणि समोर आहे का.

चौथी आपल्याकडे फार महत्त्वाची. लाइट जाऊन परत आली तर मशीन आपणहून सुरू होतं का? चांगल्या मशीनला तसं होऊ न देणारा स्विच असतो, वीज आली तरी पुन्हा बटण दाबल्याशिवाय पातं फिरत नाही. आमच्याकडे दर गुरुवारी लाइट जाते. मी पात्यावर अडकलेला तुकडा काढत होतो आणि लाइट आली. त्या दिवशी प्लग काढलेला होता म्हणून आज दोन्ही हातांनी टाइप करतोय.

सॅनहोजेकर
इथे अमेरिकेत सॉस्टॉप कंपनीचा टेबल सॉ मिळतो, तोच घ्या. पात्यातून बारीक विद्युत सिग्नल सोडलेला असतो, कातडी टेकली की पाच मिलिसेकंदांच्या आसपास ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पातं जागच्या जागी थांबतं. बोटाला जेमतेम ओरखडा. स्टीफन गॅस नावाच्या पदार्थविज्ञानातल्या डॉक्टरेटवाल्या पेटंट वकिलाने १९९९ मध्ये ही कल्पना काढली. प्रात्यक्षिकात बोटाऐवजी सॉसेज लावतात, व्हिडिओ बघा. बोटाची किंमत कराल तर हजार डॉलर काहीच नाहीत.

भुसाच_भुसा
माझं बजेट २५ हजार रुपये आहे.

मावळतीकर
शिवाय ते मशीन १२० व्होल्टचं, १५ अँपिअर. इकडे चालवायला दोन केव्हीएच्या वरचा ट्रान्सफॉर्मर लागणार, तो चांगलाच जड. आणि एकदा ब्रेक लागला की त्या ठोकळ्याचं काडतूस बाद, पातंही बहुतेक बाद. लाकूड फार ओलं असेल किंवा मधे खिळा निघाला तरी लागू शकतो. आमच्या पावसाळ्यातली वखारीची फळी त्याच्यावर घातली तर तो रोज दिवाळी साजरी करेल.

सॅनहोजेकर
ओल्या लाकडासाठी ब्रेक तात्पुरता बंद ठेवायची सोय असते. माहिती घेऊन बोला.

मावळतीकर
म्हणजे हजार डॉलर देऊन शेवटी ब्रेक बंदच ठेवायचा. छान.

वेंगुर्लेकरीण
लाकडाचा विषय निघालाय म्हणून विचारते, सावंतवाडीच्या चितारआळीत अजून लाकडी फळं करून देतात का? लहानपणी आमच्याकडे अख्खी टोपली होती, त्यातला आंबा एका पाहुण्यांनी खरंच चावला होता.

पटाशी
मिळतात. पण ते काम लेथवरचं, करवतीचं नव्हे. वेगळा धागा काढा, मी येतो.

घरचाच_सुतार
मूळ मुद्दा. जाड चामडी हातमोजे घाला, ४०० रुपयांत बोटं सुरक्षित. एवढं सोपं आहे.

पटाशी
नाही! फिरत्या पात्यापाशी हातमोजे अजिबात नकोत. मोजा दाताला लागला की कापला जात नाही, आत ओढला जातो, हातासकट. लांब बाह्या, गळ्यातली साखळी, कडं, यातलं काही नको. हातमोजे प्लाय उचलताना घाला.

घरचाच_सुतार
मी दहा वर्षं घालतोय.

पटाशी
मग मी दहा वर्षं हात जोडतोय असं समजा.

भुसाच_भुसा
सगळ्यांचे आभार, पण मला अजून नाव कळलेलं नाही, कोणतं मॉडेल घेऊ? जागेचा फोटो टाकतोय. गॅलरी आहे, १० बाय ४. प्लाय आधीच आणलाय, १८ एमएमच्या सहा शीट हॉलमध्ये उभ्या आहेत, म्हणून घाई. मुलांचा बंक बेड आणि पुस्तकांची मांडणी करायची आहे. मुलं चार आणि सात वर्षांची, हॉल त्यांना रविवारपर्यंत परत द्यायचाय.

वेंगुर्लेकरीण
फोटोत उजवीकडे स्टुलाच्या खाली ते निळं काय आहे? उलटा लावलेला कटर का?

भुसाच_भुसा
हो. मागच्या शनिवारी त्याच्यावर दोन इंची पट्टी चिरत होतो. पट्टी उडाली, पोटाला लागून मागे शोकेसची काच फुटली. पोट अजून काळंनिळं आहे. बायकोला काचेचं माहीत आहे, पोटाचं नाही. म्हणून तर सेफ्टीसाठी व्यवस्थित मशीन घेतोय ना!

पटाशी
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं, बाबा.

त्या २२ हजारवाल्याचे फोटो मी आत्ता शोधून पाहिले. मागे नाइफ नाही, फेन्स पुढूनच आवळते. म्हणजे ज्याने तुला पोटात मारलं तेच, फक्त अडीचपट मोठं पातं घेऊन. सेफ्टीसाठी म्हणून तू मोठा धोका विकत घेतोयस. आणि १० बाय ४ च्या गॅलरीत ५० हजारांचं मशीनही नीट चालवता येणार नाही. आठ फुटी शीट ढकलताना तिचं एक टोक हॉलमध्ये आणि दुसरं शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत.

टेबल सॉ नकोच. मोठे काप टिंबर मार्केटमध्ये करून घे. प्लायवाल्यांकडे पॅनल सॉ (अख्खी शीट कापायचं मोठं मशीन) असतो, मापं लिहून दिलीस की कापामागे पैसे घेऊन काटकोनात कापून देतात. उरलेल्यासाठी सात इंची हातातला सर्क्युलर सॉ आणि ॲल्युमिनियमची सरळ पट्टी, दोन क्लॅम्प. जमिनीवर जाड थर्माकोल, त्यावर प्लाय, पात्याची खोली प्लायपेक्षा चार-पाच एमएम जास्त. यात लाकूड स्थिर आणि मशीन हलतं. सगळं मिळून १२-१३ हजार. वाचलेल्यातून बरा मास्क आणि व्हॅक्यूम घे. लाकडाचा भुसा कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीच्या गटात आहे, आणि तुझी पोरं त्याच हॉलमध्ये झोपणार.

साइटवरचा
सर्क्युलर सॉपण उसळतो.

पटाशी
उसळतो. सॉच्या पाठीमागे सरळ रेषेत उभं राहायचं नाही, आणि कापताना शीटच्या दोन्ही बाजू टेकलेल्या पाहिजेत. यावर तुमचं माझं एकमत झालं, बघा.

भुसाच_भुसा
अपडेट. रविवारी ऑफर गेली, घेतलं नाही. टेम्पो करून सहाही शीट परत मार्केटला नेल्या, टेम्पोला ९०० गेले. (विकत घेतानाच कापून आणल्या असत्या तर वाचले असते, कृपया कोणी सांगू नये.) २६ काप, तासाभरात मोकळा. पण मी मापं लिहिताना पात्याची जाडी धरली नव्हती. चार फुटांतून फुटाफुटाच्या चार फळ्या मागितल्या, चौथी एक सेंटीमीटरने कमी भरली. सगळ्यात वरच्या कप्प्याला वापरतोय, तिथे कोण बघतं.

सर्क्युलर सॉ उद्या येतोय. पोटाचं घरी कळलं.

घरचाच_सुतार
तो निळा कटर विकणार का? मी घेतो.

भुसाच_भुसा
नाही.

साइटवरचा
मला द्या. मी टाइल्सच कापणार आहे, शप्पथ.