मदत हवी आहे: १९६२ची ओल्ड्समोबिल जेटफायर. टर्बो परत बसवू की पेटीतच राहू देऊ?

नमस्कार मंडळी,

गाड्यांचे धागे इथे पुष्कळ येतात, पण साठ वर्षांच्या अमेरिकन गाडीबद्दल कुणी विचारलेलं मला सापडलं नाही. म्हणून जरा पाल्हाळ लावतोय. कंटाळा आला तर खालच्या प्रश्नांवर उडी मारा.

मी मिशिगनमध्ये लान्सिंगला राहतो. हे ओल्ड्समोबिलचं गाव. कंपनी २००४ मध्ये बंद झाली, तरी इथल्या म्हाताऱ्यांच्या गॅरेजांतून तिच्या गाड्या अजून निघत असतात. आमच्या गल्लीतले एक आजोबा गेल्या वर्षी वारले. गॅरेज रिकामं करताना त्यांच्या मुलीने मला हाक मारली. ताडपत्रीखालची गाडी मला आधी साधी एफ-८५ कटलास वाटली. मग दोन सीटांमधल्या कन्सोलवरचं टर्बोचं ते छोटं गोल मीटर दिसलं आणि तोंडाला कोरड पडली. जेटफायर!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही आणि शेवरलेची कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर, दोघी १९६२मध्ये जवळपास एकाच वेळी बाजारात आल्या. टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) लावूनच कारखान्यातून बाहेर पडलेल्या या जगातल्या पहिल्या दोन मोटारी. जेटफायर दोन वर्षांत एकूण ९,६०७ बनल्या. ॲल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन, २१५ घनइंच म्हणजे साडेतीन लिटर, आणि ताकद २१५ हॉर्सपॉवर. घनइंचाला एक घोडा! जाहिरात लिहिणाऱ्याला आणखी काय हवं.

खरी गंमत वेगळीच आहे. टर्बोने दाबलेली हवा तापते आणि मग इंजिन नॉक करतं, म्हणजे आतलं पेट्रोल आपोआप पेटून ठोके बसतात. कॉर्व्हेअरवाल्यांनी मुकाट्याने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबायचं ते, ८ला आणलं. ओल्ड्सवाल्यांनी ते १०.२५ तसंच ठेवलं आणि नॉकिंगवर उतारा म्हणून इंजिनाला चक्क पेय पाजलं: अर्धं डिस्टिल्ड पाणी, अर्धं मिथेनॉल, वर थोडं गंजरोधक. नाव काय, तर 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. त्याची टाकी बॉनेटखाली. लोक ती भरायला विसरायचे. टाकी रिकामी झाली की बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, रोखणारी झडप मिटायची. इंजिन वाचायचं, पण गाडी मरगळायची आणि मालक विक्रेत्याच्या दारात उभा! शेवटी १९६५मध्ये कंपनीनेच टर्बो काढून साधा चार बॅरलचा (चार नळ्यांचा) कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, बसवून द्यायची सोय केली.

माझी गाडी त्यातलीच. बॉनेटखाली चार बॅरल, पण डिकीत एक लाकडी पेटी. तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला गॅरेटचा मूळ टर्बो, एक बॅरलचा रोचेस्टर कार्बोरेटर आणि पाइप. आजोबांनी यातलं काही टाकून दिलं नव्हतं. फक्त फ्लुइडची टाकी नाही.

आता प्रश्न. टर्बोचा शाफ्ट (मधला दांडा) जाम आहे, तो सोडवायचा कसा? कोल्हापूरला उद्यमनगरात बाबांचं लेथचं दुकान होतं. त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाले, "पाना लाव आणि फिरव की." माझी काही हिंमत झाली नाही. दुसरं, तो फ्लुइड घरी बनवता येईल का? काचा धुवायच्या निळ्या पाण्यात मिथेनॉल असतं, ते चालेल का? आणि तिसरं, ज्यावर घरात वाद चालू आहे: गाडी आज मस्त चालते. मग हे सगळं परत बसवायचं कशाला?

घाटवाट: तिसऱ्याचं उत्तर पहिलं. बसवू नका, होंडा घ्या. (हलके घ्या.)

काळं ग्रीस: वडिलांची माफी मागून सांगतो, पाना अजिबात लावू नका. शाफ्ट वाकला किंवा चाकाचं पातं तुटलं तर संपलं. दोन्ही बाजूंनी भेदक तेल (जाम झालेले भाग सोडवणारं) सोडा, चार-पाच दिवस तसंच ठेवा, रोज हाताने हलकेच दोन्हीकडे हलवून बघा. जाम होण्याचं कारण बहुतेक वाळून चिकटलेलं तेलच असेल.

याहून महत्त्वाचं म्हणजे सील. तुमच्या गाडीत कार्बोरेटर टर्बोच्या आधी आहे. म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाची ओढ थेट टर्बोच्या चाकापर्यंत पोचते आणि बेअरिंगचं तेल आत खेचते. म्हणून त्या काळी अशा टर्बोत कार्बनचं सील घालत. आजच्या टर्बोत रिंगसारखं सील असतं, ते इथे ओढीपुढे टिकत नाही. ज्याच्याकडे दुरुस्तीला पाठवाल त्याला हे आधी विचारा. 'सगळे टर्बो सारखेच' म्हणाला तर पेटी उचलून घरी या.

परीक्षानळी: मिथेनॉलबद्दल. मुंबईच्या मालवणीत २०१५ साली विषारी दारूतल्या ज्याने शंभरावर माणसं गेली तेच हे. पोटात गेलं तर डोळे आणि जीव, दोन्हींवर बेततं, शिवाय त्वचेतूनही शिरतं. हातमोजे घाला, दारं उघडी ठेवा, आणि पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायचा मोह टाळा. शुद्ध मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी दिसतसुद्धा नाही.

निळं पाणी नको. त्यात मिथेनॉलचं प्रमाण ब्रँडगणिक बदलतं, वर साबण आणि रंग. शुद्ध मिथेनॉल आणि डिस्टिल्ड पाणी समान मापाने मिसळा. नळाचं पाणी घातलंत तर बारीक छिद्रांत क्षार बसतील. खरा गारवा पाण्याचा, वाफ होताना ते भरपूर उष्णता ओढून घेतं. मिथेनॉलही थंडावा देतं, शिवाय जळतं आणि मिशिगनच्या थंडीत टाकी गोठू देत नाही.

धुकं आणि चहा: मी इंग्लंडात कव्हेंट्रीत असतो, गॅरेजात रोव्हर पी-६ आहे, व्ही-८वाली. म्हणजे आपण चुलत भाऊ! याच घराण्यातलं ब्यूइकचं इंजिन रोव्हरने घेतलं आणि पुढे रेंज रोव्हरला लावलं. पण रोव्हरचे भाग स्वस्त दिसले म्हणून हेड गॅस्केट (सिलिंडरांवरचं झाकण म्हणजे हेड, त्याखालची पट्टी) मागवू नका. ओल्ड्सच्या हेडला प्रत्येक सिलिंडरभोवती सहा बोल्ट, ब्यूइक-रोव्हरला पाच. बसणारच नाही.

अवांतर: फॉर्म्युला वनचा जॅक ब्रॅबम १९६६मध्ये ज्या इंजिनावर जगज्जेता झाला, त्याचा ब्लॉक तुमच्या ओल्ड्सचाच होता.

आणखी एक. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आतले लायनर (सिलिंडरच्या नळ्या) बिडाचे. कूलंटमध्ये गंजरोधक नसेल तर गंज ब्लॉक आतून खात सुटतो. टर्बोच्या आधी रेडिएटर उघडून बघा.

काळं ग्रीस: +१. आणि फ्लुइडशिवाय 'जरा बूस्ट बघतो' असं करू नका. ती रक्षक झडप साठ वर्षांची आहे, तिच्यातलं रबर आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला टिकेल असं धरून चालू नका. १०.२५ कॉम्प्रेशनवर बूस्ट चढला आणि फ्लुइड नसला तर पिस्टन फुटतील.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. ताजी बातमी: पाचव्या दिवशी शाफ्ट पाव फेरा फिरला! बाबांना दाखवलं. "पाना लावला असतास तर पहिल्याच दिवशी फिरला असता," एवढंच म्हणाले. रेडिएटर उघडला, आत तपकिरी चिखल होता, म्हणजे कव्हेंट्रीकरांचा नेम बरोबर बसला.

तिसऱ्याचा निकाल आजोबांच्या मुलीने लावला. ती म्हणाली, वडील दर वसंतात पेटी उघडायचे, टर्बोला तेलाचा हात लावायचे आणि परत गुंडाळून ठेवायचे. बायकोने हे ऐकलं आणि वाद मिटवला: बसव.

आता अडलंय ते टाकीपाशी. ती बूस्टच्या दाबाखाली असते, म्हणून साधी प्लॅस्टिकची बाटली लावून भागणार नाही. शनिवारी इथल्या ओल्ड्स संग्रहालयात विचारायला जातोय. तोवर कुणाकडे मूळ टाकीचे फोटो किंवा झाकणाची मापं असतील तर इथेच टाका. मिलिमीटरमध्ये दिलीत तर बरं, कारण बनवून घेणार कोल्हापुरातच.