फॉक्सचं सरकार व्यंगचित्राने पाडलं का?

वाचनवेडी: लंडनची १८व्या शतकातली राजकीय व्यंगचित्रं बघतेय, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. जेम्स सेयर्सच्या १७८३ च्या चित्रात तेव्हाच्या ब्रिटिश सरकारातला बडा मंत्री चार्ल्स फॉक्स मोगली थाटात हत्तीवर बसून ईस्ट इंडिया कंपनीच्या ऑफिसकडे निघालाय, हत्तीला चेहरा त्याचा सरकारातला जोडीदार लॉर्ड नॉर्थचा आणि पुढे त्याचा साथीदार खासदार बर्क कर्णा फुंकतोय. अशा चित्रांनी खरंच काही फरक पडायचा का, की नुसती श्रीमंतांची करमणूक?

जुनाशिक्का: फरक पडायचा! मराठ्यांशी आणि हैदर-टिपूशी लढून कंपनी कर्जात बुडालेली, म्हणून फॉक्सने बिल आणलं की हिंदुस्थानचा कारभार ७ कमिशनरांकडे द्यायचा, आणि ते सातही त्याच्याच गोटातले. आता बिलाची कलमं कोण वाचत बसणार, पण याला बादशहा व्हायचंय हे चित्रात एका नजरेत कळतं. संसदेतल्या भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी माझं जास्त नुकसान केलं असं खुद्द फॉक्स म्हणाल्याचं सांगतात.

पेठेतला: थोडं थांबा. बिल लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, पडलं ते राजा तिसऱ्या जॉर्जमुळे, जो बाजूने मत देईल तो माझा शत्रू असा निरोपच त्याने फिरवला होता. मग त्याने सरकारही घालवलं. चित्राने सरकार पाडलं नाही, पण १७८४ च्या इलेक्शनमध्ये फॉक्सची माणसं धडाधड पडली त्यात या चित्रांचा हात होता असं मला ठाम वाटतं.

शाईचे_डाग: श्रीमंतांची करमणूक म्हणशील तर विकत घेणारे पैसेवालेच होते, रंग हाताने भरायचे त्यामुळे रंगीत प्रत अजून महाग. पण बघायला पैसे लागत नव्हते ना, दुकानाच्या काचेत चित्रं लावलेली असायची आणि रस्त्यावर ही गर्दी. आणि कामाचा वेग बघ, पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने चित्र खरवडायचं, सगळं उलटं, अक्षरंसुद्धा, मग ॲसिडमध्ये टाकलं की रेघा खोल होतात. बातमी ताजी असतानाच चित्र दुकानात.

सत्तेला याची धास्ती होती म्हणून तर पैसे देऊन तोंड बंद करायचे. त्या काळचा गाजलेला व्यंगचित्रकार जेम्स गिलरे, त्याला १७९७ पासून सरकारी पेन्शन होतं, त्यानंतर त्याने विरोधकांनाच जास्त झोडलं. १८२० मध्ये दुसरा व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँकला राजा चौथ्या जॉर्जची अश्लील चित्रं काढू नयेत म्हणून १०० पौंड दिले. मला गिलरे प्रचंड आवडतो पण हे पेन्शन प्रकरण मनाला लागतं.

वाचनवेडी: बापरे, पेन्शनचं माहीतच नव्हतं. आता गिलरेची १७९७ च्या आधीची आणि नंतरची चित्रं शेजारी ठेवून बघते, ब्रिटिश म्युझियमच्या साइटवर आहेत.