पुन्हा: शनिवारची गिनिपिगची जोडी, पिंजरा अडला

मेधा, मंगळवार

मंडळी, मिरजेच्या प्राणी दत्तक केंद्राने सांगलीच्या अप्पांच्या पिंजऱ्याचा फोटो परत पाठवला. अप्पांनी फॅब्रिकेटरकडून करून घेतलेला पिंजरा दोन बाय दीड फूट आहे, तळाला अर्ध्या इंची जाळी, खाली ट्रे. केंद्राचं म्हणणं, दोन माद्यांना जागा कमी आणि जाळीचा तळ चालणारच नाही. शनिवारी अकराला अप्पा मिरजेला जोडी आणायला जाणार. त्याआधी नवा फोटो गेला नाही तर जोडी यादीतल्या पुढच्या घरी. फॅब्रिकेटरला आता सवड नाही. जाळीवर प्लाय टाकून भागेल का? माहीत असेल त्यांनीच लिहा, अंगठे नकोत.

विनायक

प्लाय नको. मूत पिऊन दोन आठवड्यांत फुगतो आणि वास जन्मात जात नाही. शिवाय जागा तेवढीच राहते.

केंद्राचं बरोबर आहे. गिनिपिगच्या तळव्याला केस नसतात, सगळा भार तारेवर येतो. कातडी आधी लाल होते, मग जाड, मग चिरते आणि जिवाणू आत शिरतात. पाऊल सुजलेलं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, हाडापर्यंत गेलं तर बरं होणं अवघड. जाळीत पाय अडकून मोडतो ते वेगळंच.

फॅब्रिकेटरला सोडा. फ्लेक्स-बॅनरवाल्याकडे सनपॅक शीट (दोन पापुद्र्यांची पोकळ प्लास्टिकची) मिळते, आठ बाय चार फुटांची. 5 मिमी घ्या, 3 मिमी लगेच वाकते. तळ चार बाय अडीच हवा, म्हणजे शीट पाच बाय साडेतीन कापायची. चारही बाजूंनी सहा इंचांवर रेघ मारून त्या रेघेवर ब्लेडने एकच पापुद्रा कापायचा, आरपार नाही. कापलेली बाजू बाहेर ठेवून कडा वर दुमडायच्या. कोपऱ्यांत सहा इंचांची एकेक चीर देऊन पदर एकमेकांवर घ्यायचा आणि रुंद टेप फक्त बाहेरून लावायची. आतून लावली तर पहिल्या रात्रीच कुरतडून खातील. भोवती एक इंची वेल्डमेश (तारेची जोडजाळी), दीड फूट उंच, केबल टायने बांधायची. टायची कापलेली टोकं बाहेर. मेशची टोकंही बाहेर वळवा. जुना पिंजरा टाकू नका, टॉवेल घालून दवाखान्यात न्यायला उपयोगी पडेल.

शैला

तळावर काय घालायचं ते विनायकने लिहिलंच नाही, आणि अडचण तिथेच येते. वखारीतल्या भुशात धूळ आणि प्लायचा डिंक, भाताचं तूस टोकेरी, डोळ्यांत जातं. काकू जुनी गोधडी काढतील, त्यांना आधीच सांगा. गोधडीचे दोरे सुटतात, बोटाला वेटोळं बसतं आणि बोट काळं पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

फ्लीसचं ब्लँकेट, खाली जाड टॉवेल. नवं फ्लीस पाणी खाली सोडत नाही, ते आधी दोन-तीनदा साबणाने धुवायचं, सॉफ्टनर न घालता. मग चमचाभर पाणी ओतून बघायचं. थेंब वरच बसून राहिला तर परत धुवा. खाली टॉवेल ओला आणि वर हाताला कोरडं लागलं की झालं. लेंड्या रोज झाडायच्या, फ्लीस तीन-चार दिवसांनी बदलायचं. सनपॅकवर मुताचा पांढरा खर चढतो, त्याला व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं.

आता गवत. गवताचं मी बघणार हे मागच्या बैठकीत ठरलंय. मग अप्पांना परस्पर लसूणघासाची पेंढी बांधून घ्यायला कोणी सांगितलं?

नितीन

मी सांगितलं, शैलाताई. रोज ताजा मिळतो, दारात येतो. खरगोश, गिनिपिग सगळे आवडीने खातात. त्यात वाईट काय?

शैला

आवडीने खातात हेच वाईट. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, या दोघी पूर्ण वाढलेल्या आहेत. लसूणघासात कॅल्शियम भरपूर, ते लघवीतून बाहेर पडतं आणि मूत्राशयात खडे होतात. मुख्य खाणं वाळलेलं लांब गवत: मारवेल, पवना, हरळी. दिवसरात्र पुढ्यात हवं, कारण दाढा आयुष्यभर वाढत राहतात आणि लांब काडी चावूनच झिजतात. कडब्याची वाळकी पानं चालतील, ताटं नकोत. कोवळी हिरवी ज्वारी तर अजिबात नाही. किरळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष, लागून गुरं मरतात, या जेमतेम किलोभराच्या.

नितीन

मग सुबाभूळ? शेळ्या तर खातात.

विनायक

शेळी रवंथ करते. सुबाभळीतलं मिमोसिन तिच्या पोटातले जिवाणू बऱ्याच अंशी मोडतात. इथे ती सोय नाही, केस गळतात. विषय पिंजऱ्याचा आहे.

सुहास

एक शंका. केंद्रात ससेही आहेत म्हणे. एक ससा आणि एक गिनिपिग असं घेतलं तर?

शैला

नाही. सशाच्या मागच्या पायाची लाथ गिनिपिगला झेपत नाही, आणि सशाच्या नाकात निमूटपणे राहणाऱ्या बोर्डेटेला जिवाणूने गिनिपिगला न्यूमोनिया होतो. खाणंही वेगळं, सशाला क जीवनसत्त्व बाहेरून लागत नाही. आपण राहतो त्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ससा पाळणंच बेकायदा, त्यामुळे आपल्या मंडळाचा सशांचा अभ्यास चित्रापुरता आहे, त्यावर मतं नकोत.

अनिरुद्ध

तुम्ही सगळे चार बाय अडीच म्हणताय. अप्पांचा हॉल कोणी आठवतंय का? दिवाण आणि टीव्हीच्या मध्ये दोन फुटांची पट्टी आहे, बस. बाल्कनी पश्चिमेची, तिचं नाव काढू नका. वरती गच्ची, स्लॅब तापलेला. सांगलीत एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो पारा, आणि गिनिपिगला सव्वीसच्या वर त्रास सुरू होतो. त्यांना घाम येत नाही, त्यामुळे नुसत्या पंख्याचा फारसा उपयोग नाही. कूलर लावा, खिडकी उघडी ठेवून, नाहीतर खोली दमट होते. गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका टोकाला, शहाबादीचा तुकडा दुसऱ्या टोकाला. लाळ गळू लागली, आडवं पडून धापा टाकू लागलं तर कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करायचे, बर्फाचं पाणी नको, आणि लगेच दवाखाना.

दवाखान्यात अप्पांनी दारातच सांगायचं: पेनिसिलिन गटातलं औषध तोंडाने देऊ नका. अमॉक्सिसिलिनने आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि त्यामागून प्राणीही. गुरांचे डॉक्टर उत्तम असतात, पण गिनिपिग त्यांच्याकडे कितीसे येतात? अवघड केसला शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण ते तीन-साडेतीन तासांवर.

विनायक

दोन फुटांची पट्टी असेल तर पाच बाय दोन करा. क्षेत्रफळ तेच, दहा चौरस फूट. शीट सहा बाय तीन कापायची. उलट लांब बरं, त्यांना धावायला सरळ रेघ लागते. लपायला दोन खोकी, प्रत्येकाला दोन दारं. एकच दार असेल तर दांडगी मादी दुसरीला आत कोंडते.

सुहास

वर झाकण? गिनिपिग चढत नाहीत ना?

अनिरुद्ध

ते नाही चढत. अप्पांच्या जिन्यातलं मांजर चढतं. उरलेल्या वेल्डमेशचं झाकण करा, चार टायच्या बिजागऱ्या.

मेधा, बुधवार

पाच बाय दोन, झाकणासह. ठरलं, यावर आणखी मेल नकोत. फॉर्ममध्ये पुराचा रकाना आहे, त्यात 'विश्रामबाग, दुसरा मजला' लिहिलंय. तो रकाना नदीकाठच्या गावभागवाल्यांसाठी आहे, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी चाळीस फूट झालं की प्राणी कुठे हलवणार ते लिहायला.

क जीवनसत्त्वाचं शैलाताईंनी फोनवर सांगितलं: प्रत्येकीला रोज पंचवीसेक ग्रॅम हिरवी ढोबळी मिरची, ताजी चिरून. पाण्यात थेंब टाकू नका, काही तासांत ताकद जाते. आणि 'दोन्ही माद्या' हे केंद्राकडून लेखी घ्यायचं, शिवाय गाभण नाहीत ना ते पोट चाचपून बघायला सांगायचं. गर्भाचे दिवस 59 ते 72, म्हणजे आधी नर जवळ होता का हेही विचारा.

नितीन, बॅनरवाल्याला फोन तू कर. आपले रात्रीचे साडेदहा म्हणजे तिथले सहा, तेव्हा दुकान उघडं असतं. सहा बाय तीन, 5 मिमी, छापील नको, कोरी. कापून द्यायला सांग, अप्पा रिक्षातून आठ फुटी शीट आणू शकणार नाहीत.