अनुभव धागा: बिल्ड स्क्रिप्टमध्ये अटीनुसार प्रॉपर्टी बदलताना तुम्ही कुठे अडकलात?

मंडळी, गेल्या आठवड्यात टीममध्ये नव्यानं आलेल्या मुलीनं विचारलं, "दादा, ही प्रॉपर्टी मी खाली बदलली आहे, तरी बिल्डमध्ये जुनीच व्हॅल्यू का येते?" स्क्रिप्ट अँटची होती, म्हणजे जावाचा कोड एकत्र करून पॅकेज बनवणाऱ्या (बिल्ड करणाऱ्या) टूलची; प्रॉपर्टी म्हणजे त्यात नाव देऊन ठेवलेली व्हॅल्यू. हाच प्रश्न मला नोकरीच्या पहिल्या वर्षी पडला होता आणि तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून हा धागा. तुमचे अनुभव सविस्तर लिहा, टूल कोणतंही चालेल.

सुरुवात माझ्यापासून. फाईलमध्ये वरती डेटाबेसचा पत्ता टेस्ट सर्व्हरचा होता. लाइव्हसाठी मी खालच्या टार्गेटमध्ये (बिल्डच्या एका टप्प्यात) त्याच नावाची प्रॉपर्टी नव्या पत्त्यासह लिहिली. बिल्ड विनातक्रार झाला, पॅकेज गेलं, आणि दुसऱ्या दिवशी लाइव्हच्या नोंदी टेस्टच्या डेटाबेसात सापडल्या. त्या हातानं परत हलवायला दोन दिवस गेले. अँटमध्ये प्रॉपर्टीला पहिल्यांदा मिळालेली व्हॅल्यूच कायम राहते. नंतरची ओळ एरर देत नाही, फक्त तिच्याकडे दुर्लक्ष होतं. व्हर्बोज (सविस्तर संदेश दाखवणारा पर्याय) लावून चालवलं तेव्हा कुठे "ओव्हरराइड इग्नोर्ड" अशी ओळ दिसली. तेव्हापासून अटीवर ठरणारं मी वर लिहितो आणि नेहमीची व्हॅल्यू सगळ्यात शेवटी. कमांड लाइनवरून मायनस डी (-D) या पर्यायानं दिलेलं तर या सगळ्याच्या आधीच ठरलेलं असतं. अट तपासून प्रॉपर्टी ठरवणाऱ्या कंडिशन टास्कला अँट १.६.३ पासून एल्स (अट खोटी ठरल्यास द्यायची व्हॅल्यू) देता येतं, त्यामुळे दोन्ही बाजू एकाच ठिकाणी वाचता येतात. त्या मुलीला मी हेच दाखवलं.

रात्रपाळी
धाग्याबद्दल आभार. माझं दुखणंही अँटचंच, पण वेगळं. आमच्या टेस्टच्या टार्गेटला "अनलेस" लावलेलं होतं: स्किप टेस्ट्स नावाची प्रॉपर्टी असेल तर टेस्ट चालवू नकोस. एका सहकाऱ्यानं टेस्ट नक्की चालाव्यात म्हणून प्रॉपर्टी फाईलमध्ये ती "फॉल्स" अशी लिहून ठेवली. चांगल्या हेतूनं. पण इफ आणि अनलेस व्हॅल्यू बघत नाहीत, प्रॉपर्टी सेट आहे की नाही एवढंच बघतात. फॉल्स लिहिलं तरी ती सेट झाली आणि टेस्ट बंद पडल्या. बिल्ड हिरवाच दिसत होता. तीन आठवड्यांनी एक बग ग्राहकाकडून आला, त्यासाठी टेस्ट आधीपासून लिहिलेली होती! त्या सहकाऱ्याचा चेहरा अजून आठवतो. चूक त्याची नव्हती, आम्ही त्याला हे कधी सांगितलंच नव्हतं.

अँट १.८ पासून इफ-अनलेसमध्ये नावाऐवजी डॉलर आणि महिरपी कंसात प्रॉपर्टी लिहिली तर ट्रू-फॉल्स खरंच तपासलं जातं. आम्ही सगळीकडे तसं केलं. आणखी एक: टार्गेटची अट तपासण्याआधी त्याचे डिपेंड्स (त्याच्या आधी चालायची टार्गेट) चालून जातात. टार्गेट वगळलं म्हणून त्याच्या आधीची कामं वगळली जात नाहीत.

नाशिककर, सध्या जर्मनी
दादा, तुमचा नियम घेऊन मी एमएसबिल्डमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या बिल्ड टूलमध्ये) गेलो आणि बरोबर उलटा आपटलो. तिथे फाईल वरून खाली वाचली जाते आणि शेवटची व्हॅल्यू जिंकते. म्हणून डीफॉल्ट लिहिताना "ही प्रॉपर्टी रिकामी असेल तरच" अशी अट घालावी लागते.

मोठा घोळ पुढे झाला. सगळ्या प्रोजेक्टना लागू व्हावं म्हणून मी डिरेक्टरी डॉट बिल्ड डॉट प्रॉप्स फाईलमध्ये लिहिलं: टार्गेट फ्रेमवर्क (प्रोजेक्ट डॉट नेटच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनतो ते) अमुक असेल तर वॉर्निंगला एरर समज. काही प्रोजेक्टमध्ये चाललं, काहींत नाही. आठवडाभर कारण कळेना. ती फाईल प्रोजेक्ट फाईलच्या आधी वाचली जाते, म्हणजे अट तपासताना फ्रेमवर्क अजून रिकामंच असतं. जिथे अनेक फ्रेमवर्क आहेत तिथे ते प्रत्येक आतल्या बिल्डला बाहेरून ग्लोबल प्रॉपर्टी म्हणून मिळतं, म्हणून तिथे चालत होतं. तीच अट शेवटी वाचल्या जाणाऱ्या टार्गेट्स फाईलमध्ये हलवली आणि सुटलो. प्रीप्रोसेस स्विच लावून सगळ्या इम्पोर्ट एकत्र केलेली एकच फाईल काढा आणि वरून खाली वाचा. मला पहिल्याच दिवशी हे करायला हवं होतं.

मेकफाईल
फर्मवेअरवाला (यंत्रातल्या चिपवरचं सॉफ्टवेअर लिहिणारा) आहे, थोडक्यात लिहितो. मेक या बिल्ड टूलच्या फाईलमध्ये ओळ होती: मोड = डीबग, पुढे चार स्पेस आणि मग कॉमेंट. मेक त्या स्पेस व्हॅल्यूतच धरतं, त्यामुळे इफइक्वलची तुलना कधी जुळलीच नाही. आता तुलनेआधी स्ट्रिप (कडेच्या स्पेस काढणारं फंक्शन) लावतो आणि कॉमेंट वेगळ्या ओळीवर लिहितो.

सातारची सून
मेवन या जावाच्या बिल्ड टूलमध्ये एका प्रोफाईलला (गरजेनुसार चालू होणाऱ्या सेटिंगच्या गटाला) ॲक्टिव्ह बाय डीफॉल्ट लावून मी निर्धास्त होते. मग त्याच पॉममध्ये (मेवनच्या प्रोजेक्ट फाईलमध्ये) दुसरं प्रोफाईल चालू केलं आणि पहिलं आपोआप बंद झालं, त्यातल्या प्रॉपर्टीसकट. आता डीफॉल्ट व्हॅल्यू प्रोफाईलच्या बाहेर, मुख्य प्रॉपर्टीजमध्ये ठेवते. प्रोफाईल फक्त बदल करतं.

दादा, एक विचारायचं होतं. अँट-कॉन्ट्रिब या अँटच्या जादा टास्कच्या संचातला व्हार टास्क प्रॉपर्टी पुन्हा बदलू देतो ना? मग क्रमाची एवढी काळजी कशाला?

धागाकर्ता
ताई, देतो. मी दोन वर्षं वापरला. पण मग कुठलीही ओळ वाचताना तिच्या आधी काय काय चाललं असेल ते डोक्यात धरावं लागतं, आणि रात्री अकरा वाजता रिलीज अडलेला असताना ते जमत नाही. मी एकेक करून सगळे व्हार काढले. शेवटचा काढला तेव्हा कळलं की तो ज्या प्रॉपर्टीसाठी होता, ती स्क्रिप्टमध्ये कुठेच वापरली जात नव्हती.