कार्बन गाभ्याच्या तारेला ओढताना वेढा बसला. तुकडा कापावा का?

नमस्कार मंडळी. वीजवाहिनीच्या जुन्याच टॉवरवरची एसीएसआर (स्टीलच्या गाभ्याची अॅल्युमिनियम तार) उतरवून एसीसीसी (कार्बनतंतूच्या गाभ्याची) चढवतोय. काल ड्रमचा ब्रेक क्षणभर सुटला, तार सैल होऊन जमिनीवर वेढा पडला आणि पुलरवाल्याला (तार ओढणारं यंत्र चालवणाऱ्याला) हाक ऐकू जाईपर्यंत तो आवळला गेला. जेमतेम ताटाएवढा राहिला होता.

फोरमनने गुडघ्यावर धरून तार सरळ केली. "साहेब, बघा, आता कळतंय का काही?" कळत नाहीच, तीच तर अडचण आहे. वीतभर भागात बाहेरच्या अॅल्युमिनियमच्या पात्या किंचित उकलल्यात, बाकी ठणठणीत.

एसीएसआरमध्ये स्टीलला बाक आला तर तो तसाच राहतो, डोळ्यांना दिसतो. कार्बनतंतूचा गाभा मात्र एकतर चिरतो, नाहीतर टुणकन सरळ होतो. म्हणजे तार सरळ दिसते यावरून काहीच सिद्ध होत नाही. वरचं अॅल्युमिनियम अनील केलेलं (तापवून मऊ केलेलं), इतकं मऊ की हातानेच वळलं. ते ताण फारसा घेत नाही. ही तार सलग १८० अंशांपर्यंत चालवायची. तेवढी तापली की अॅल्युमिनियम लांबून सैल पडतं आणि सगळा भार गाभ्यावर येतो. झोल कमी राहतो तो याच गाभ्यामुळे (स्टीलच्या मानाने तो तापून फारच थोडा वाढतो), आणि नेमका तोच चिरला असेल तर?

माझं मत कापावं असंच आहे. पण ओढून झाल्यावर हा भाग रस्ता ओलांडणाऱ्या स्पॅनमध्ये येतो, आणि तिथे मधला जोड मला नकोय. टॉवरपासून टॉवरपर्यंतची अख्खी लांबी बदलायची तर नवा ड्रम लागेल.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना विचारतो: वेढ्याच्या दोन्ही बाजूंना किती मीटर सोडून कापता? न कापता गाभा तपासायचा साइटवर चालणारा काही उपाय आहे का? काही तारांच्या गाभ्यातच ऑप्टिकल फायबर असतो, एका टोकाने प्रकाश सोडून तपासता येतं. आमच्या तारेत तो नाही. पात्या सोडवून गाभ्यावरच्या काचतंतूच्या थरावर चिरेची पांढुरकी रेघ शोधावी म्हटलं, तर त्या पुन्हा तशा बसणार नाहीत.

काम थांबवलंय. ड्रमवर ताडपत्री टाकलीय आणि वेढ्याच्या जागी लाल चिंधी बांधलीय.