ऑनलाइन शोकेसला आपली फिल्म पाठवतानाचे अनुभव

रंकाळावेस
१ डिसेंबरला कोल्हापुरात खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभाजवळ अभिवादनासाठी जमलेली मंडळी पाहिली आणि आमची शॉर्टफिल्म ऑनलाइन शोकेसला (म्हणजे निवडलेल्या फिल्म इंटरनेटवर दाखवणाऱ्या मंचाला) पाठवतानाचे दिवस डोळ्यांसमोर उभे राहिले. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात कॅमेरा घडवला, त्या गावात फिल्म करायला हात कमी पडत नाहीत. खरी अडचण फिल्म हातात आल्यावर सुरू होते. आमचे चित्रीकरण करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर झाले. घाण्याच्या मोटरीपुढे संवाद ऐकूच येत नसत, म्हणून मोटर बंद झाल्यावर जळव्या चुलवाणात चिपाडे सारतो तो आवाज आणि काहिलीतल्या रसाचा रटरटाट आम्ही वेगळा ध्वनिमुद्रित करून घेतला. निवड करणारी माणसे फिल्म बहुधा लॅपटॉपवर किंवा इयरफोन लावून पाहतात, हे लक्षात घेऊन शेवटचे मिक्सिंग आम्ही स्टुडिओतल्या स्पीकरबरोबर साध्या मोबाइलवरही ऐकून पाहिले. निवडीच्या पत्रात सर्वांत आधी उल्लेख होता तो आवाजाचाच.

आपण सर्वांनी आपापले अनुभव लिहावेत. प्रीमियरची अट (फिल्म आधी जाहीरपणे दाखवलेली नसावी ही) आणि हक्कांचा करार यांबद्दल विशेष लिहावे, कारण नव्या मुलांना नेमके तेच कोणी सांगत नाही.

उद्यमनगर
प्रीमियरबद्दल लिहितो. फिल्म यूट्यूबवर सर्वांसाठी खुली केली की अनेक महोत्सवांचे आणि काही शोकेसचे दरवाजे बंद होतात. ऑस्करच्या लघुपट विभागातही (तिथे श्रेयनामावलीसह ४० मिनिटांची मर्यादा आहे) पात्र ठरण्याआधी ऑनलाइन दाखवलेली फिल्म चालत नाही. त्यामुळे आधी महोत्सव, मग ऑनलाइन शोकेस आणि सर्वांत शेवटी स्वतःचे चॅनल, असा क्रम आम्ही चित्रीकरणाआधीच ठरवला होता. कठीण होते ते कलाकारांना थांबवून ठेवणे. आमच्या फिल्ममधले सगळे जण फाउंड्रीतले कामगार, आणि ‘मोबाइलवर कधी दिसणार?’ हा प्रश्न रोज चहाच्या गाड्यावर यायचा. त्यांनी सुट्ट्या टाकून काम केले होते, त्यामुळे त्यांना वर्षभर ताटकळत ठेवणे मला योग्य वाटेना. शेवटी शोकेसच्या आयोजकांना ईमेल करून विचारले. केवळ निमंत्रितांसाठी दाखवलेला खेळ प्रीमियर धरला जात नाही, असे त्यांनी लेखी कळवल्यावर तालमीच्या हॉलमध्ये पडदा लावून सर्वांना घरच्यांसह फिल्म दाखवली. प्रत्येक ठिकाणचा नियम निराळा असतो, म्हणून हे उत्तर लेखीच घ्यावे.

शाहूपुरी
फार चांगला विषय काढलात, दादा. माझा फॉर्म अर्धा भरून झाला आहे आणि फीच्या रकान्याशी थांबले आहे. सवलत मागितली तर निवडीवर परिणाम होतो का?

रंकाळावेस
@शाहूपुरी, ताई, अजिबात संकोच करू नका. अर्ली बर्डची, म्हणजे लवकर अर्ज करणाऱ्यांसाठीची, मुदत गाठली तर फी मुळातच कमी असते. तीही परवडत नसेल, तर फिल्म कशाबद्दल आहे आणि ती स्वखर्चाने केली आहे एवढे चार ओळींत लिहून सवलत मागावी. आम्हाला काहींनी दिली, काहींनी नम्रपणे नाकारली.

गडहिंग्लजकर
सबटायटलकडे सर्वांनी लक्ष द्यावे, ही कळकळीची विनंती. आमच्या सीमाभागातली पात्रे एका दमात मराठी आणि कानडी बोलतात, तेही इतक्या वेगाने की प्रत्येक शब्द पडद्यावर आणला तर प्रेक्षक केवळ वाचत बसेल आणि चेहरे पाहायचे राहून जातील. आम्ही एका वेळी दोनच ओळी ठेवल्या आणि भांडणाच्या प्रसंगात निम्मे शब्द गाळले. सबटायटल चित्रावर कायमचे छापू नये. स्वच्छ प्रिंट आणि वेगळी एसआरटी फाइल (सबटायटलचा मजकूर आणि वेळा असलेली) द्यावी, म्हणजे पुढे दुसऱ्या भाषेतली सबटायटल जोडता येतात. देवनागरी सबटायटल असतील तर फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातच साठवावी, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

राजारामपुरी
संगीताच्या हक्कांचा विषय अजून आला नाही, म्हणून सविस्तर लिहिते. फिल्मच्या शेवटी आम्हाला जात्यावरची ओवी हवी होती आणि एका जुन्या ध्वनिमुद्रिकेत ती फार सुंदर गायलेली होती. परंपरेने आलेली ओवी कोणाच्या मालकीची नसते, तिचे ध्वनिमुद्रण मात्र असते. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो, तर गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे. परवानगीचा कागद नसलेला तुकडा ऑनलाइन गेला की तो यंत्रणेकडून आपोआप ओळखला जातो, आणि निवड झालेली फिल्मसुद्धा खाली उतरवावी लागू शकते. म्हणून आम्ही भुदरगडातल्या एका आजींकडे गेलो. त्यांनी आधी जात्यात मूठभर नाचणी घातली, कारण रिकाम्या जात्यावर गाणे त्यांना मान्य नव्हते. दळण सुरू झाल्यावर त्यांचा आवाज दगडाच्या घरघरीत असा मिसळला की आम्ही मागे दुसरे कोणतेही वाद्य वापरले नाही. संमतीपत्र मराठीत लिहून त्यांना वाचून दाखवले, त्यांच्या सुनेच्या समक्ष अंगठा घेतला आणि मानधनाचा आकडाही त्यात घातला. श्रेयनामावलीत त्यांचे नाव गायिका म्हणून स्वतंत्र ओळीवर आहे.

उद्यमनगर
ताई, मूठभर नाचणीचे वाचून गलबलून आले. ती फिल्म पाहायची आहे.

कागल नाका
अपलोडबद्दल थोडेसे. १८ मिनिटांची फिल्म २० मेगाबिट प्रति सेकंद या दराने काढली तर फाइल साधारण २.७ जीबीची होते, आणि आमच्याकडे मध्येच वीज गेली की सारे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. शिवाय मुदत कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे तेही पाहावे. पासवर्डची लिंक तयार झाल्यावर ती दुसऱ्याच्या फोनवर उघडून फिल्म अखेरपर्यंत पाहावी.

पन्हाळा रोड
कराराबद्दल माझा अनुभव कडू आहे. एका शोकेसने निवडीच्या अभिनंदनाबरोबरच करार पाठवला, आणि त्यात जगभरासाठी, कायमस्वरूपी आणि केवळ त्यांच्याकडेच, असे सर्व हक्क मागितले होते. मोबदल्याचा रकाना कोरा. निवडीच्या आनंदात माणूस सही करून टाकतो, हे त्यांना पक्के ठाऊक असते. आम्ही ओळखीच्या वकिलांना तो दाखवला आणि एक वर्ष मुदत, अनन्य हक्क नाहीत, पुनर्संपादनाला आमची परवानगी आवश्यक, असे तीन बदल सुचवले. त्यांनी पहिले दोन मान्य केले. तिसऱ्यासाठी आम्ही अडून बसलो, कारण माझ्या संकलकाने जो क्षण मौनाचा ठेवला आहे तो दुसऱ्याने कापलेला मला चालणार नव्हता. अखेर तेही मानले.

शाहूपुरी
सर्वांचे मनापासून आभार. सवलतीचा ईमेल आत्ताच पाठवला. एकच शंका उरली आहे : माझ्या फिल्ममधली मुख्य मुलगी सातवीत शिकते. तिचे संमतीपत्र कसे करावे?

राजारामपुरी
@शाहूपुरी, पालकांची सही घ्यावी, आणि फिल्म इंटरनेटवर सर्वांना दिसेल हे त्यात स्पष्ट लिहावे. मात्र सहीच्या आधी त्या मुलीला शेजारी बसवून पूर्ण फिल्म दाखवा आणि तिला काय वाटते ते तिलाच विचारा. आमच्या पत्राचा मसुदा रात्री इथे टाकते.