चिडिया टापूला दिसलेला 'दयाळ' नेमका कोण?

भटकभवानी: जानेवारीत अंदमानला गेले होते. चिडिया टापूला मुंडा पहाडच्या पायवाटेवर पोचेपर्यंत पावणेपाच झाले (तिथे लवकर अंधारतं हे माहीत असूनही चहात वेळ घालवला, बोंबला!). वेलींच्या गुंत्यात एक पक्षी. आधी दयाळच वाटला. डोकं काळं, छाती काळी, पोट पांढरं. पण हा पाचोळ्यात उतरून किडा टिपायचा आणि परत गुडघाभर उंचीच्या फांदीवर, सावलीत. आमच्या अंगणातला दयाळ वायरवर बसून गावाला ऐकवतो, असा लपत नाही.

अंधारामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० ठेवून काढलेला फोटो म्हणजे नुसता रवा. त्यात एवढंच कळतं: पंखावर पांढरा पट्टा नाही, शेपटीच्या मुळाशी वरून पांढरं, शेपटीखाली तांबूस. आंबोलीला शामा (दयाळाचाच भाऊबंद पक्षी) पाहिलाय, पण त्याचं तर अख्खं पोट विटकरी. मग हा कोण?

रानपिंगळा: दयाळच हो. अंदमानातही आहे तो. कमी उजेडात पट्टा नाही दिसत.

भटकभवानी: पट्टा नाही दिसला, एक वेळ मान्य. पण शेपटीखालचं तांबूस कुठून आणू? आणि दयाळाची कंबर, म्हणजे शेपटीच्या मुळाची वरची बाजू, काळी असते ना?

जुनी_दुर्बीण: ताई, शामाच आहे, पण अंदमानचा. त्याचं पोट पांढरं आणि तांबूस रंग फक्त कुशीला नि शेपटीखाली. पक्षीशास्त्रज्ञ ब्लाइथने १८५८ मध्ये नावच 'अल्बिव्हेंट्रिस' ठेवलं, म्हणजे पांढऱ्या पोटाचा. पूर्वी आपल्या शामाची उपजात धरायचे, आता वेगळी जात मानतात. अंदमान बेटांबाहेर सापडत नाही. शेपटी आंबोलीच्या शामापेक्षा तोकडी वाटली का?

भटकभवानी: शेपटी फांदीआड गेलीय. पण मोबाइलमध्ये शीळ आहे, ४० सेकंदांची. त्यातली निम्मी आमच्या ह्यांची "चल, गाडीवाला थांबलाय".

जुनी_दुर्बीण: तरी टाका. एकटाच होता का? मादी तशीच दिसते, फक्त काळा रंग जरा मळकट.

भटकभवानी: पुढच्या वळणावर अजून एक होता. मला वाटलं फोटोच धुरकट आलाय. विमानतळावर बसून डिलीट केला.